भाऊ वारल्याची बातमी

आमचे भाऊ वारल्याची बातमी मी पेपरात वाचली, तेव्हा भाऊ माझ्यासमोर झोपाळ्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते.

साल त्रेपन्न. नौपाड्यातलं आमचं घर. त्या दिवशी माझं न्हाणं होतं. केसांना पंचा गुंडाळून मी बाहेर आले, भाऊंना चहा दिला आणि रोजच्यासारखा पेपर उचलला. भाऊ माझे थोरले बंधू. ते पहिलं पान वाचून पेपर खाली ठेवायचे, मग मी आतलं ठाणे-कल्याणचं सदर वाचायचे, आणि मग शाळेत जायचे. मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे मी, लग्नबिग्न केलं नाही, आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारलेलं आवडत नाही. तर त्या सदरात होतं: ‘नौपाडा येथील निवृत्त मुख्याध्यापक श्री. भाऊसाहेब परचुरे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्यामागे पत्नी, एक पुत्र, एक विवाहित कन्या व भगिनी असा परिवार आहे.’

भगिनी म्हणजे मी. मी ती बातमी पुन्हा वाचली आणि पेपर भाऊंच्या पुढे धरला.

भाऊंनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, “अल्पशा आजाराने? मला कुठला आजार झालाय?” त्यांचा जन्म पोरांचे निबंध तपासण्यात गेला. चूक दिसली की आधी तिच्यावर रेघ मारायची.

आतून वहिनींचा आवाज आला. “आलं का छापून? बरं झालं बाई. सुटले मी.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ डोकं फिरलं.

झालं होतं असं. त्याच आठवड्यात भाऊ मागीलदारी विहिरीजवळ दात घासत उभे असताना एक कावळा त्यांच्या टकलावर येऊन बसला आणि चोच मारून गेला. जरासं रक्त आलं. भाऊंनी हळद लावली आणि विसरून गेले. वहिनी विसरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांच्या माहेरी, तिकडे चिपळूणकडे, कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर उपाय एकच. तो माणूस मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना धाडायची. कार्डाचा कोपरा फाडून, रीतसर. ते बिचारे बातमी खरी समजून रडतात, आंघोळी करतात, आणि त्या रडण्याने गंडांतर टळतं. मग मागाहून दुसरं कार्ड टाकायचं की सगळं क्षेम आहे, राग मानू नये. नातेवाईकही राग मानत नाहीत. त्यांच्याही घरी कधीतरी कावळा येणारच असतो.

भाऊंनी हे उडवून लावलं होतं. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी त्यांचा मुलगा, आमचा प्रभाकर म्हणाला, “आई, तू जेव. चिपळूणच्या मामाला कार्ड मी टाकतो.” मला वाटलं, मिटलं. टाकू दे एक कार्ड. मामा तसाही कशालाही रडतो.

पण प्रभाकर म्हणजे आमचा उंटावरचा शहाणा. तो तेव्हा मुंबईत एम.ए. करत होता आणि वर्तमानपत्र वाचून माणसांवर काय परिणाम होतो, यावर प्रबंध लिहीत होता. छापील प्रश्नांचा गठ्ठा काखोटीला मारून नौपाड्यात, कल्याणात, डोंबिवलीत घरोघर हिंडायचा. पेपर कोण वाचतं, आधी काय वाचता, वाचलेलं कुणाला सांगता, छापलेलं एक आणि कानावर आलेलं दुसरं असलं तर कशावर विश्वास ठेवता. लोक त्याला चहा द्यायचे आणि मनाला येईल ते सांगायचे. मलाही त्याने हे प्रश्न विचारले होते. मी म्हटलं होतं, “छापलेल्यावर. छापणाऱ्याला निदान सही करावी लागते.”

आता तो जिन्यावरून खाली आला, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर आनंद. पेपर पाहिला आणि आनंद जरा उतरला.

“हा मुंबईचा पेपर कसा काय?” तो म्हणाला. “मी तर उत्तमला आपल्या ठाण्याच्या साप्ताहिकासाठी दिली होती.”

उत्तम त्याचा दोस्त. ठाण्याच्या साप्ताहिकात लिहायचा आणि मुंबईच्या दैनिकालाही इकडच्या बातम्या पुरवायचा. मुलगाच बापाच्या मरणाची बातमी घेऊन आलाय म्हटल्यावर त्याने कशाला चौकशी करावी? हळहळला असेल, आणि भाऊसाहेबांसारख्या माणसाची बातमी साप्ताहिकात कुठे पडून राहू द्यायची म्हणून मुंबईलाही धाडली. चांगुलपणाने केलं.

“का दिलीस?” मी विचारलं.

“आईचं काम होतं आणि माझंही होतं,” प्रभाकर म्हणाला. “आत्या, असं बघ. एक बातमी किती जणांनी वाचली, किती जणांनी पुढे सांगितली, सांगताना काय बदललं, आणि नंतर खुलासा छापला तर तो किती जणांनी पाहिला, हे आजवर कुणी आपल्याकडे तपासलेलं नाही. नौपाड्यातले माझे वाचक ठरलेले आहेत. पुढच्या अंकात खुलासा द्यायचा होता. कुणाचं काय बिघडणार होतं?”

“नीला,” मी म्हटलं.

झोपाळा थांबला.

नीला भाऊंची मुलगी. टिटवाळ्याला दिलेली. तिला वहिनींनी जन्म दिला, पण वाढवली मी. माझ्याच कुशीत झोपायची. लग्नानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली होती, दोन्ही वेळा सातव्याच्या आत. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि सातवा लागला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की प्रवास नाही, जिना नाही, आणि मनाला धक्का तर मुळीच नाही. याही वेळी काही झालं तर पुन्हा मूल होईल याची मी खात्री देत नाही, असं ते भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले होते. म्हणून तिला माहेरीसुद्धा आणली नव्हती.

“ताई कुठे पेपर वाचते?” प्रभाकर म्हणाला, पण आवाज पडला होता. “मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, नाही वाचत.”

“ती नाही वाचत. तिचे सासरे वाचतात. मोठ्याने. ओट्यावर बसून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. आणि ठाण्याचं सदर तर ते आधी वाचतात, सुनेचं माहेर म्हणून. हे विचारलं होतंस?”

आतून दाराशी आलेल्या वहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली. भाऊ उठून उभे राहिले आणि कुठे जावं ते न कळून पुन्हा बसले.

मला एकच गोष्ट आठवत होती. त्र्यंबकराव, म्हणजे नीलाचे सासरे, नेहमी कुरकुर करायचे की आमच्याकडे पेपर येईपर्यंत बातमी शिळी होते. कल्याणच्या पुढचे गठ्ठे कसाऱ्याच्या गाडीने जायचे. म्हणजे ती गाडी अजून निघाली नसेल. मी पंचा सोडला, केसांची गाठ मारली, पायात वहाणा अडकवल्या आणि निघाले. भाऊंना म्हटलं, “तुम्ही घरीच थांबा. लोक येतील सांत्वनाला. त्यांना तोंड दाखवा.” खरोखरच कोपऱ्यावर दोन ओळखीचे गृहस्थ टोप्या हातात घेऊन येताना दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मला थांबून सांगायला वेळ नव्हता.

गाडीत कल्याणपर्यंत मी उभ्यानेच जाणार होते, पण एका बाईने उठून मला जागा दिली. तिच्या मांडीवर मूल होतं, जागा मी मागितली नव्हती. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती दाराशी उभी राहिली. मला फुकटची दया आवडत नाही. मी फणकाऱ्याने खिडकीबाहेर पाहत राहिले. मुंब्र्याची खाडी आली आणि गेली. माझ्या डोळ्यांपुढे त्र्यंबकरावांचा चष्मा होता. ते तो आधी धोतराच्या सोग्याने पुसतात, मग घसा खाकरतात, मग सुरू करतात.

कल्याणला कसाऱ्याची गाडी यायची होती. फलाटावर बाकाशेजारी सुतळीने बांधलेले पेपरचे गठ्ठे ठेवले होते, आणि सगळ्यात छोट्यावर कागद चिकटवलेला होता, टिटवाळा. मी त्या गठ्ठ्याच्या शेजारी जाऊन बसले. किती एवढासा होता तो. पदराखाली घेऊन चालायला लागले असते तर कुणाला कळलंही नसतं. रुळांवर फेकून द्यावा, त्यावर तांब्याभर पाणी ओतावं, काय काय मनात आलं. जन्मात मी कुणाच्या खडूला हात लावला नाही, आणि तिथे बसून सुतळीची गाठ बोटांनी चाचपत होते.

हमाल आला. “बाई, तेवढा गठ्ठा राहू द्या,” तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचा सूर बदलला. “पाणी आणू का? कुठं जायचंय?”

“टिटवाळ्याला.”

“बसा तुम्ही. गाडी आली की मी डबा दाखवतो.”

त्याने मला डबा दाखवला आणि गठ्ठा गार्डाच्या डब्यात टाकला. म्हणजे बातमी आणि मी एकाच गाडीने निघालो. शहाड, आंबिवली. प्रत्येक स्टेशनात गाडी थांबली की मला वाटायचं, ही मुद्दाम थांबलीय. मी देवाला नवस बोलणारी बाई नाही. पण टिटवाळ्याच्या गणपतीला मी म्हटलं, मला एवढं आधी पोचव.

टिटवाळ्याला उतरले तर पेपरवाला गुणाजी फलाटावर उभा. त्याने सुतळी तोडली, वरचा पेपर उघडला आणि उभ्याउभ्या चाळायला लागला. लोक वाटेत विचारत असणार, आज काय आहे म्हणून. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“त्र्यंबकरावांचा पेपर मला द्या. मी तिकडेच चालले आहे.”

“तो मी स्वतः देतो. त्यांचा पेपर चुकला तर ओट्यावरचे सगळे माझ्या नावानं शंख करतात.” मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पेपरकडे पाहिलं, त्याचं बोट सदरावर थांबलं. “परचुरे म्हणजे त्यांच्या सूनबाईंचे…” तो म्हणाला. “तुम्ही कोण त्यांच्या?”

“बहीण. आणि ते वारलेले नाहीत. ठणठणीत आहेत. बातमी खोटी आहे.”

“हो,” गुणाजी मऊ आवाजात म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं. त्याने पेपरची घडी केली आणि माझ्या हातात दिली. “घ्या. तिकडच्या आळीत दुसरा पेपर जात नाही. तुम्हीच सांगा. घरच्या माणसानं सांगितलेलं बरं.”

मी घडी पिशवीत तळाशी कोंबली आणि चालत सुटले. टांगा जुंपेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. पण जीव हलका झाला होता. पेपर माझ्याकडे होता. गावात शिरताना मी मनातल्या मनात ठरवत होते की त्र्यंबकरावांना बाजूला घ्यायचं, सगळं सांगायचं, नीलाला म्हणायचं, शाळेला सुट्टी होती म्हणून आले तुला बघायला. दुपारी तिच्या केसांना तेल लावायचं. संध्याकाळच्या गाडीने परत.

ओट्यावर चार-पाच माणसं पेपरची वाट पाहत बसली होती. मला पाहून त्यांचं बोलणं बंद पडलं. त्र्यंबकराव उठून उभे राहिले. आणि आतून नीला दाराशी आली, हातात तांदळाचं सूप, पोट पुढे आलेलं, चेहरा छान भरलेला. तिने मला पाहिलं. माझ्या पायांपासून वर कपाळापर्यंत पाहिलं.

“आत्या,” ती म्हणाली, “भाऊ गेले ना?”

तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मला कळलं. मी न्हाऊन उठले होते ती तशीच निघाले होते. केस ओले, गाठीतून पाणी अजून पाठीवर ठिबकत होतं. कपाळ मोकळं. कुंकू लावायचं राहूनच गेलं होतं. शाळेच्या दिवशी, सकाळच्या गाडीने, न कळवता, एकटी. जागा देणारी ती बाई, तो हमाल, गुणाजी, सगळ्यांनी मला पाहून हेच वाचलं होतं. पेपर मी पिशवीत लपवला, आणि बातमी स्वतःच्या तोंडावर मिरवत दारात येऊन उभी राहिले.

“नाही गं,” मी म्हटलं. “भाऊ छान आहेत. सकाळी माझ्या हातचा चहा घेतलाय त्यांनी.”

“असंच सांगतात,” नीला म्हणाली. “आजोबा गेले तेव्हा तूच आली होतीस मला न्यायला. तेव्हाही तू म्हणालीस, बरे आहेत, जरा भेटायला बोलावलंय.”

तिने सूप खाली ठेवलं, अगदी सावकाश, तांदूळ सांडू न देता. मग भिंतीला धरून खाली बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी सगळं सांगितलं. कावळा, चिपळूण, कार्ड, प्रभाकरचा प्रबंध, उत्तम. पिशवीतून पेपर काढून दाखवला की बघा, ही ती खोटी बातमी. दुसरं मी करणार काय होते? त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला आणि मनातल्या मनात वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात. मग पेपरची घडी घालून ते म्हणाले, “सुमतीबाई, पोरीला धीर द्यायला तुम्ही बोलताय ते कळतंय मला. पण मुंबईच्या पेपरात छापून आलंय.”

“मी सांगते ना. मी त्यांची सख्खी बहीण आहे.”

“छापलंय,” ते पुन्हा म्हणाले, आणि डोळे पुसले.

खरं सांगून कुणी विश्वास ठेवत नाही, हा अनुभव मला शाळेतल्या पोरींकडून ऐकून माहीत होता. मी त्यांना हसायचे. त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नीलाच्या कळा सुरू झाल्या होत्या. सासूबाईंनी तिला आत निजवलं. रखमाबाई सुईण आली, तिने पोटावर हात ठेवला आणि मला परसात नेऊन सांगितलं, “दिवे लागेपर्यंत कळ थांबली तर थांबली. नाहीतर हे पोर जगायचं नाही. तिच्या जीवाला स्वस्थ वाटेल असं काय असेल ते करा.”

तिच्या जीवाला स्वस्थ वाटेल असं जगात एकच होतं, आणि ते नौपाड्यात झोपाळ्यावर बसलं होतं. मी पुन्हा स्टेशनावर धावले. मास्तरांच्या हातापाया पडून भाऊंना तार केली, ‘नीलासाठी ताबडतोब स्वतः या’. परत येऊन तिच्या उशाशी बसले. केस आता वाळले होते. सासूबाईंनी करंडा पुढे केला, मी कुंकू लावलं. नीलाने पाहिलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. आता ते लावून काय होणार होतं.

ती दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. तिची कळ यायची तेव्हा ती माझं मनगट धरायची. कळ गेली की सोडायची. मधे एकदा म्हणाली, “मला नेऊ नका, मला माहितेय मी येऊ शकत नाही. पण त्यांना माझ्यासाठी थांबवू नका. उन्हं आहेत.” बापाच्या प्रेताची काळजी करत होती पोर. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. मी रडले तर तिची खात्रीच पटली असती. मी जिभेचा चावा घेऊन बसून राहिले.

उन्हं कलली तेव्हा ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळे एकदम उभे राहिले असणार. मग भाऊंचा आवाज आला. “बसा, बसा. मीच आहे.”

भाऊ आत आले. टोपी काढली. टकलावर कावळ्याच्या चोचीची खपली दिसत होती. ते नीलाच्या खाटेवर बसले. तिने त्यांचा हात धरला, मग दंड चाचपला, मग टकलावरच्या त्या खपलीला बोट लावून पाहिलं. आणि मग ती रडली. इतका वेळ साठवलेलं सगळं रडली. भाऊ नुसतं म्हणत होते, “अगं, मला काही झालं नाही. काही झालं नाही.”

मागोमाग वहिनी आणि प्रभाकर आले होते. प्रभाकर दारात उभा होता. मी उठले, बाहेर गेले आणि त्या पंचवीस वर्षांच्या घोड्याच्या कानाखाली वाजवली. ओट्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं, पाहू देत. तो गाल धरून म्हणाला, “आत्या, मी वाचणारे मोजले होते. ऐकणारे राहिले.”

दिवे लागले तरी कळ येतच होती. मग जरा वेळाने आली, मग आणखी वेळाने. रखमाबाई रात्रभर बसून होती. पहाटे तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “थांबलं.” नीला झोपली होती. भाऊंचा हात तिने धरलेलाच होता.

मूल नवव्यात झालं. मुलगी. नाव हेमा ठेवलं. वहिनींनी मात्र कळा थांबल्या त्या सकाळीच निवांत सुपारी फोडायला घेतली होती. मला म्हणाल्या, “वन्सं, बघा, कुणीतरी मनापासून रडायला हवं होतं. टळलं.” माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. मी तशी गिळणारी बाई नाही.

खुलासा दोन दिवसांनी छापून आला, एवढासा, जाहिरातींच्या खाली. प्रभाकरला पदवी मिळाली. त्याच्या प्रबंधात असं आहे म्हणे की मरणाची बातमी ज्यांनी वाचली, त्यांतल्या निम्म्यांनीही खुलासा वाचला नाही. टिटवाळ्यातल्या त्या दुपारीबद्दल त्यात काही नाही. नौपाड्यात भाऊंची थट्टा सुरू झाली. भाजीबाजारात कुणी विचारायचं, “काय भाऊसाहेब, वरती मेथी काय भावाने मिळते?” भाऊही हसायचे. टिटवाळ्याच्या ओट्यावर तर तो वर्षानुवर्षं पुरणारा विषय झाला. नीलासुद्धा हळूहळू त्यावर हसायला शिकली. मला ते हसणं बरं वाटायचं. तिच्या मनातून भीती गेली असं मी धरून चालले.

अठ्ठावन्न साली, थंडीत, भाऊ खरेच गेले. संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्या बसल्या मान कलली. या वेळी उत्तम स्वतः घरी आला, भाऊंना पाहिलं, पायांवर डोकं ठेवलं आणि मगच बातमी दिली. नीलासाठी सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. मीच जाते म्हटलं.

पहिल्या गाडीला निघण्याआधी मी केस विंचरले, घट्ट अंबाडा घातला, आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं. इतकं ठसठशीत मी कधी लावत नाही. दारातच पोरीला धक्का बसू नये. आधी आत जाईन, बसेन, मग सांगेन. गाडीत मला कुणी जागा दिली नाही.

ओट्यावर मंडळी बसलीच होती. नीलाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “आत्या, अशी अचानक? ये ये.” हेमा येऊन पायांना बिलगली. नीलाने स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं. मी पाटावर बसले आणि सांगितलं. “नीला, काल संध्याकाळी भाऊ गेले. तुझी वाट पाहताहेत सगळे. आपल्याला लगेच निघायचंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग हसली.

“आईच्या अंगणात पुन्हा कावळा आला वाटतं,” ती म्हणाली. “आणि या वेळी तुला धाडलं होय? तिला सांग, मी एकदा रडलेय तेवढं पुरे.”

“नीला, मी खरं सांगते.”

“हो, हो.” तिने साखरेचा डबा काढला. “आलं घालू ना?”

बाहेर गुणाजीच्या सायकलची घंटा वाजली. त्र्यंबकरावांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. ‘नौपाडा येथील निवृत्त मुख्याध्यापक श्री. भाऊसाहेब परचुरे यांचे…’ पुढचं ऐकू आलं नाही. ओट्यावर हशा पिकला. “आले, आले, भाऊसाहेब परत आले पेपरात,” कुणीतरी म्हणालं. त्र्यंबकरावही हसत होते. नीलाने माझ्याकडे पाहून ‘बघ’ अशी मान हलवली आणि कपबशा मांडायला लागली. मी, सासूबाई आणि ती, असे तीन कप.

तिकडे भाऊ अंगणात थांबले होते. मी उठले. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पदराच्या टोकाने मी कपाळावरचं कुंकू पुसलं, पूर्ण, काही शिल्लक राहू दिलं नाही. मग अंबाडा सोडला.

नीला बघत राहिली. हातातली बशी तिने जागेवर ठेवली. मग खाली वाकून स्टोव्ह बंद केला.